एका सैनिकाची तीन खोकी

माझ्या टेबलावर सव्वा इंचाचा एक माणूस उभा आहे. अंगात मांडीपर्यंत येणारं कड्यांचं चिलखत, डोक्यावर टोकदार लोखंडी टोप, दोन्ही हातांत लांब दांड्याची कुऱ्हाड. हा गॅलोग्लास, म्हणजे मध्ययुगीन आयर्लंडमधला पिढीजात भाडोत्री लढवय्या. त्याचं धड ग्रिपिंग बीस्ट कंपनीच्या व्हायकिंग किटमधलं आहे. डोकं पेरी मिनिएचर्सच्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईच्या खोक्यातलं. हात त्याच पेरींच्या ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ या इंग्लिश यादवीच्या किटमधले, आणि कुऱ्हाडीचं पातं पुन्हा व्हायकिंगांचं. हिशेब लावला तर धड दहाव्या-अकराव्या शतकातलं, डोकं 1415 च्या आसपासचं आणि हात 1450 नंतरचे. तरी गडी 1487 च्या लढाईत उभा केला की कुणाला खटकत नाही.

तो का खटकत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख. कारण हेच तीन तुकडे जरा चुकीचे निवडले असते, तर चार हातांवरूनही ‘हे काहीतरी जोडलेलं आहे’ हे दिसलं असतं. माझ्याकडे तसेही नमुने आहेत. ते कपाटात मागच्या रांगेत उभे असतात.

वॉरगेमिंग म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांच्या फौजा मांडून, फासे टाकून, टेपने अंतर मोजून खेळायची लढाई. त्यातले प्लास्टिकचे सैनिक बहुतेक वेळा सुट्या भागांत येतात: धड वेगळं, डोकी वेगळी, हात वेगळे, ढाली-तलवारी वेगळ्या. हे भाग एका चौकटीला चिकटलेले असतात, तिला स्प्रू म्हणतात. ते कापून, चिकटवून, रंगवून सैनिक तयार होतो. एका किटचे भाग दुसऱ्या किटच्या भागांना जोडून तिसराच सैनिक बनवायचा, याला म्हणतात किटबॅशिंग.

आता एक प्रश्न: कंपन्या सगळे सैनिक तयारच का विकत नाहीत? उत्तर साच्यात आहे.

उकडीच्या मोदकाचा दोन पाखांचा साचा डोळ्यांपुढे आणा. दोन्ही पाखं सरळ बाजूला होतात म्हणून मोदक अखंड सुटतो. मोदकाला एखादं आकड्यासारखं वळलेलं शेपूट असतं तर? साचा उघडताना ते अडकून तुटलं असतं. कडक प्लास्टिकच्या किटचं अगदी हेच आहे. वितळलेलं पॉलिस्टायरीन प्रचंड दाबाने धातूच्या साच्यात घालतात, गार झालं की साच्याचे दोन भाग सरळ रेषेत दूर होतात. छातीसमोर आडवा धरलेला हात आणि छाती यांच्यामधली पोकळी अशा साच्यातून निघूच शकत नाही. म्हणून हात वेगळा ओततात. मोदकावर दोन पाखांच्या मधली जी बारीक रेघ उठते, तशीच रेघ या सैनिकांच्या अंगावरही असते. ती खरवडून काढणं हे या छंदातलं सर्वात कंटाळवाणं काम.

शिशाच्या मिश्रधातूच्या फिगर ओततात त्या रबरी साच्यात. रबर वाकतं, त्यामुळे तिथे थोडी वळणं खपून जातात आणि अख्खा सैनिक एका तुकड्यात निघतो. शिवाय रबरी साचा स्वस्त असतो. धातूचा साचा महाग, त्यामुळे तो करायचा तर हजारो खोकी खपतील असेच सैनिक निवडावे लागतात: रोमन, व्हायकिंग, नेपोलियनचे, दुसऱ्या महायुद्धातले. गॅलोग्लास कोण घेणार? थोडक्यात, ज्या कारणाने प्लास्टिकचे सैनिक सुट्या भागांत येतात, त्याच कारणाने हवा तो सैनिक प्लास्टिकमध्ये मिळत नाही. पहिल्या गोष्टीतून दुसरीवर उपाय काढायचा, एवढाच हा खेळ.

हे नवं नाही. फ्रान्सच्या हिस्टोरेक्स कंपनीचे 54 मिलिमीटरचे नेपोलियनकालीन सैनिक सुट्या भागांसाठीच नावाजले होते. डोकी, हात, घोड्यांचे पाय वेगवेगळे मागवून लोक आपापले सैनिक घडवत. 1987 साली इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने तीस स्पेस मरीनचं प्लास्टिक खोकं काढलं. त्यातले हात आणि शस्त्रं अदलाबदल करता येत. त्यावर एक अख्खी पिढी कापाकापी शिकली.

माझी लढाई आहे स्टोक फील्डची, 16 जून 1487. इंग्लंडचा राजा सातवा हेन्री एका बाजूला. दुसऱ्या बाजूला लॅम्बर्ट सिम्नेल नावाचा जेमतेम दहा वर्षांचा मुलगा, ज्याला राजघराण्याचा वारस म्हणून सुमारे तीन आठवडे आधी डब्लिनमध्ये राज्याभिषेक झाला होता. त्याच्या बाजूने लढायला आले इंग्लिश सरदार, मार्टिन श्वार्ट्‌झच्या हाताखालचे सुमारे दोन हजार जर्मन भाडोत्री आणि आयरिश, बहुतेक चिलखताविना लढणारे कर्न. हेन्री जिंकला. बंडाचा म्होरक्या लिंकनचा अर्ल आणि श्वार्ट्‌झ दोघंही पडले, आणि सिम्नेलला हेन्रीने मारायचं सोडून राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला लावलं. ही लढाई झाली नॉटिंगहॅमशायरमधल्या ईस्ट स्टोक गावापाशी. आणि पेरी, वॉरलॉर्ड, गेम्स वर्कशॉप असे मिनिएचरवाले आज नॉटिंगहॅम शहरातच आहेत. म्हणजे माझे सैनिक हजारो मैल प्रवास करून पुण्याला येतात, ते त्यांच्या रणांगणाच्या शेजारूनच.

इंग्लिश आणि जर्मन मंडळींसाठी पेरींची खोकी आहेत. आयरिशांसाठी जुगाड करावा लागतो. आणि जुगाडात पहिला खड्डा मापाचा.

खोक्यावर लिहिलेलं असतं ‘28 मिमी’. दोन कंपन्यांच्या खोक्यांवर तेच लिहिलेलं असलं म्हणून ते भाग जुळतील असं समजू नका. काही जण हे माप तळपायापासून डोळ्यांपर्यंत धरतात, काही जण डोक्यापर्यंत. साधारण 1/56 हे प्रमाण धरलं, तर टेबलावरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जगातले 5.6 सेंटिमीटर. हा आकडा पाठ करून ठेवा. या छंदातले निम्मे घोटाळे त्याने उलगडतात.

दिवाळीतला किल्ला आठवा. कुंभारवाड्यातून आणलेले महाराज सिंहासनावर बसलेले असूनही दरवाज्यापेक्षा उंच, तोफेपेक्षा गवळण मोठी, आणि वाघ बुरुजाएवढा. तिथे कुणाला खटकत नाही, कारण तिथे मोठं म्हणजे मानाचं. पण त्यातही एक गंमत आहे. मावळे लहान-मोठे असले तरी प्रत्येक मावळा आपल्या अंगापुरता बरोबर असतो. डोकं धडाला शोभतं, हात धडाला शोभतात. एका मावळ्याचं डोकं काढून दुसऱ्याला लावलं तर मात्र घरातलं चार वर्षांचं पोरसुद्धा हसेल.

माझं या विषयातलं एकुलतं एक ठाम मत इथेच आहे: उंचीचा फरक चालतो, डोक्याचा चालत नाही. माणसं उंच-बुटकी असतातच. शेजारी उभ्या दोन माणसांत दहा सेंटिमीटरचा फरक असणं रोजचं आहे, आणि टेबलावर तो पावणेदोन मिलिमीटर होतो. एखादी कंपनी जरा उंच, एखादी जरा बुटकी, तर खुशाल मिसळा. पण डोक्याच्या मापात माणसामाणसांत इतका फरक नसतो. खरं डोकं साधारण 22-23 सेंटिमीटर उंच, म्हणजे या मापात चार मिलिमीटर. फँटसी सैनिकांची डोकी पाचच्या पुढे जातात, कारण लांबून चेहरा दिसावा आणि रंगवायला सोपं जावं म्हणून डोकी आणि हात मुद्दाम मोठे घडवतात. याला हिरोइक प्रमाण म्हणतात. फरक एकाच मिलिमीटरचा, पण डोळ्याला दिसतो तो साडेपाच सेंटिमीटर जास्त उंच डोक्याचा माणूस. माझ्या पहिल्या प्रयोगात पेरींच्या सडपातळ धडावर असंच एक फँटसी डोकं बसवलं होतं. बिचारा अंगावर मडकं पालथं घातल्यासारखा दिसत होता.

हातांचंही तसंच. पंजा मोठा असेल तर तलवारीची मूठही मोठी असते. म्हणून एका किटचा पंजा आणि दुसऱ्या किटची तलवार सहसा जमत नाही. मनगटापासून शस्त्रासकट हात बदललेला बरा.

आणि मोठी डोकी वापरायचीच असतील तर एक पळवाट आहे: अख्ख्या तुकडीला तीच डोकी लावा. वीसांत एक वेगळा असला की चूक दिसते, वीसच्या वीस सारखे असले की ती त्या फौजेची ढब वाटते.

शस्त्रांच्या जाडीबद्दल थोडक्यात. खऱ्या भाल्याचा दांडा तीन सेंटिमीटर जाड धरला तर टेबलावर तो अर्धा मिलिमीटर हवा. इतकं बारीक प्लास्टिक टिकत नाही, म्हणून दांडे एक मिलिमीटरच्या आसपास करतात, म्हणजे खऱ्या हिशेबाने मनगटाएवढे जाड. सगळ्यांचेच जाड असतात, त्यामुळे डोळा ते मान्य करतो. पण एकाच रांगेत एकाचा पितळी तारेचा बारीक आणि दुसऱ्याचा प्लास्टिकचा जाड दांडा ठेवू नका. जर्मनांच्या पाच मीटरच्या पाइकसाठी (म्हणजे लांब भाल्यासाठी) मी नऊ सेंटिमीटरच्या पितळी तारा वापरतो, सगळ्यांनाच. त्याआधी खराट्याच्या काड्या करून पाहिल्या होत्या. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होत जातात, आणि उन्हाळ्यात तडकतात.

आता चिकटवण्याकडे. प्लास्टिक सिमेंट नावाला सिमेंट असलं तरी तो गोंद नव्हे. तो द्रावक आहे. पॉलिस्टायरीनच्या दोन्ही पृष्ठभागांना तो किंचित विरघळवतो, ते एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून गेला की उरतो एकच अखंड तुकडा. एका अर्थी ही वेल्डिंगच. (खिडकी उघडी ठेवा, वाफा चांगल्या नसतात.) फेविक्विकसारख्या सुपरग्लूने जोड पटकन बसतो, पण तो वरवरचा आणि ठिसूळ; सैनिक टेबलावरून पडला की हात निखळतो. मग पॉलिस्टायरीनला सुपरग्लू वापरावाच का? एकाच कारणासाठी: चुकलं तर सोडवता येतं. सिमेंटने जोडलेलं परत सुटत नाही.

पण हे सिमेंट फक्त पॉलिस्टायरीनला लागतं. धातू, रेझिन आणि जुन्या 1/72 मापाच्या सैनिकांचं मऊ, वाकणारं प्लास्टिक यांच्यावर ते पाण्यासारखं घरंगळतं. ते मऊ प्लास्टिक म्हणजे पॉलिथिलीन. (1/72 ला माणूस 23 मिलिमीटरच्या आसपास होतो, म्हणजे तो मापानेही जुळत नाही.) कुठलं प्लास्टिक आहे कळत नसेल तर तुकडा वाटीभर पाण्यात टाका. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं; पॉलिस्टायरीन किंचित जड, ते बुडतं. मात्र बारीक तुकडा पाण्याच्या पृष्ठभागाच्या ताणावर नुसताच अडकून राहू शकतो, म्हणून भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाका आणि तुकडा बोटाने एकदा खाली दाबून सोडा. तरंगला तर सिमेंटचा नाद सोडा. बुडला तर मात्र लगेच खूश होऊ नका, कारण रेझिनही बुडतं. मग स्प्रूच्या एका टाकाऊ टोकावर सिमेंटचा थेंब लावून पाहा. बोटाला चिकट, मऊ लागलं तर काम झालं.

आता तो गॅलोग्लास. मी आधी कापत नाही, आधी बघतो. तिन्ही भाग ब्लू-टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या मऊ चिकट लगद्याने) तात्पुरते चिकटवून अर्धा दिवस ठेवून देतो. जाता-येता नजर टाकली की काय बिनसलंय ते कळतं. समोर बसून टक लावून बघितलं तर कळत नाही, हा अनुभव.

व्हायकिंग धड निवडण्यामागे इतिहास आहे. गॅलोग्लास मूळचे पश्चिम स्कॉटलंडमधल्या नॉर्स-गेल, म्हणजे व्हायकिंग आणि स्थानिक गेल यांच्या मिश्र वंशाचे. कड्यांचं लांब चिलखत आणि मोठी कुऱ्हाड ही नॉर्स लढाईची पद्धत त्यांनी बाकीच्या युरोपने टाकल्यावरही शेकडो वर्षं चालू ठेवली. त्यामुळे पाचशे वर्षं जुनं धड त्यांच्या अंगावर जुनाट दिसलं तरी चुकीचं दिसत नाही. डोकं निवडलं बॅसिनेटचं. बॅसिनेट म्हणजे टोकदार टोप, आणि त्याच्या खालच्या कडेपासून खांद्यांवर रुळणारी कड्यांची झालर. आपल्याकडच्या जुन्या शिरस्त्राणांना मागे अशीच झालर असते, वस्तुसंग्रहालयात पाहिली असेल. ही झालर किटबॅशरचं निम्मं काम करते. वेगळ्या कंपनीचं डोकं लावताना मान ही सर्वात अवघड जागा: एकाची मान खोबणीत बसणारी, दुसऱ्याची सपाट कापलेली, एकाची जाड, दुसऱ्याची बारीक. झालर असली की मान दिसतच नाही.

जोड नेहमी अशाच जागी घ्यायचा, जिथे खऱ्या माणसाच्या अंगावरही काहीतरी संपतं आणि काहीतरी सुरू होतं. कॉलर, पट्टा, बाहीची कड, हातमोज्याची कड, टोपाखालची सावली. उघड्या दंडाच्या मधोमध घेतलेला जोड कितीही घासला तरी रंगाच्या पहिल्या हातात वर येतो.

तर धडाची मूळ कॉलर पात्याने सपाट खरवडली, खांद्यांची वरची कड केसभर उतरवली, नाहीतर झालर खांद्यावर टेकण्याऐवजी छत्रीसारखी उभी राहते. झालरीच्या आतला भाग एक मिलिमीटरच्या ड्रिलने बोटांत फिरवून थोडा पोकळ केला. डोकं ठेवलं, किंचित डावीकडे वळवलं. नाकासमोर सरळ बघणारा सैनिक लाकडी दिसतो.

हातांनी त्रास दिला. दोन हातांनी धरलेलं शस्त्र असलं की ते हात जोडीने घडवलेले असतात. एका हातात पंजासकट दांडा, दुसरा पंजा त्या दांड्यावर टेकणारा. डावा एका जोडीतला आणि उजवा दुसऱ्या जोडीतला घेतला तर पंजा दांड्याला शिवतच नाही. मी हे करून बसलोय, सिमेंट लावल्यावर. शिवाय जोडी घडवलेली असते एका ठरावीक रुंदीच्या छातीसाठी. ग्रिपिंग बीस्टचं धड पेरींच्या धडापेक्षा रुंद, त्यामुळे उजवा हात बसला की डावा पंजा दांड्यापासून दीड मिलिमीटर लांब. दोन्ही खांद्यांवरच्या हात बसायच्या जागा कानशीने थोड्या थोड्या उतरवल्या, दर वेळी चार घासे, मग लावून बघायचं, परत चार घासे. शेवटी आधी पंजा आणि दांडा जोडला, सिमेंट ओलं असतानाच दोन्ही हातांचा कमानीसारखा जोड धडावर चढवला आणि खांदे दाबून धरले. जाड बाह्यांचे हात घेतले कारण गॅलोग्लास चिलखताखाली भरीव शिवलेला अंगरखा घालत. पूर्ण पोलादी हात त्याला शोभले नसते.

मूळ शस्त्र होतं बिल, म्हणजे लांब दांड्यावरचा कोयता. त्याचं पातं कापलं, दांड्याच्या टोकात अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून बारीक तार बसवली, तिच्यावर व्हायकिंग कुऱ्हाडीचं पातं. इतक्या छोट्या जोडाला नुसता सिमेंट पुरत नाही, तारेचा कणा लागतो.

उरल्या फटी. डाव्या काखेत एक होती, झालरीच्या मागे एक. त्या ग्रीन स्टफने बुजवल्या. एम-सीलच्या दोन कांड्या जशा मळतो तशीच ही इपॉक्सी पुट्टी, निळी आणि पिवळी समान घेऊन हिरवी होईपर्यंत मळायची. फरक इतकाच की ती तास-दीड तास रवाळ न होता मऊ राहते, त्यामुळे तिच्यात कड्यांची नक्षी कोरायला सवड मिळते. टोचणीच्या टोकाने अर्धचंद्र ओळीत दाबत जायचे. पुट्टी हत्याराला चिकटते म्हणून टोक पाण्यात बुडवत राहायचं.

जर्मनांच्या बाबतीत मोह वेगळा होता. फँटसी किटमध्ये फुगीर, चिरलेल्या बाह्यांचे आणि पिसांच्या टोप्यांचे झकास भाग मिळतात, आणि ‘जर्मन भाडोत्री’ म्हटलं की तेच चित्र डोळ्यांपुढे येतं. पण तो थाट फुलला सोळाव्या शतकात. 1487 चे श्वार्ट्‌झचे लोक त्या मानाने साधे: घट्ट विजारी, आखूड जाकीट, सॅलेट टोप. पिसांचा मोह आवरला. एका झेंडेकऱ्याला एक पीस दिलं, तेवढं चालतं असं मी ठरवलंय.

सगळं वाळल्यावर राखाडी प्रायमरचा हात. तोपर्यंत तुकडे तीन रंगांचे असतात: एका कंपनीचं प्लास्टिक गडद राखाडी, एकाचं फिकट, पुट्टी हिरवी. तो रंगीबेरंगीपणाच डोळ्याला ‘हे जोडलेलं आहे’ असं सांगत असतो, आणि उलट खऱ्या चुका लपवतही असतो. एका रंगात आला की उरलेले दोष उघडे पडतात. माझ्या गॅलोग्लासच्या उजव्या खांद्यावर एक केसाएवढी फट निघाली. त्यात द्रव पुट्टी ब्रशने सोडली आणि पुन्हा प्रायमर मारला.

आणि मागे उरतं ते सामान. असे सहा गॅलोग्लास केल्यावर माझ्याकडे बिन-डोक्याचे सहा अ‍ॅजिनकोर्टवाले आणि बिन-हातांचे सहा बिलवाले शिल्लक होते. डोक्यांचा प्रश्न सुटला, किटमध्ये जास्तीची डोकी असतातच. हात मात्र मोजके. ईस्ट स्टोकला उतारावर एक घळ आहे, पळणारे बंडखोर तिथे कापले गेले असं सांगतात, आजही तिला रेड गटर म्हणतात. टेबलासाठी मी ती थर्माकोलमध्ये कोरली आहे. ते सहा जण तिच्यात पालथे निजवले. हात अंगाखाली गेलेत असं वाटतं.